‘उकळून घ्या’ एवढ्याने भागत नाही

महाडपासून आत, शिवथरघळीच्या खोऱ्यात माझं माहेर आहे. तिथे जुलैतला पाऊस पत्र्यावर पडायला लागला की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पण एक प्रश्न मला त्या पावसातही रोज ऐकू यायचा. “अंगावर नाय पाजत का गं?”

नव्हते पाजत. मुलगी महिन्याची झाली आणि मला अशी औषधं सुरू झाली, की डॉक्टरांनीच अंगावरचं दूध बंद करायला सांगितलं. चिठ्ठीवर पावडरच्या डब्याचं नाव लिहिलं, खाली ‘दर तीन तासांनी’. बस. पाणी कसं घ्यायचं, बाटली कशी धुवायची, उरलेलं दूध किती वेळ ठेवायचं, यातलं काही कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. भिंतीवर ‘आईचं दूध सर्वोत्तम’ असं पोस्टर होतं. त्याच्यासमोर उभं राहून बाटलीबद्दल विचारायची मला लाज वाटली.

अडीच महिन्यांची असताना तिला जुलाब सुरू झाले. दुसऱ्या दिवशी टाळू खोल गेली, डोळे आत गेले. गाडी करून भर पावसात महाड गाठलं. चार दिवस सलाईन लावावी लागली. पोरगी वाचली. तिथे मला विचारलं गेलं, “बाटली स्वच्छ ठेवता येत नाही का?”

मला तेव्हा रडू आलं. आता राग येतो. कारण बाटली मी रोज उकळत होते. सकाळी पाणीही उकळायचे, थर्मासमध्ये भरायचे आणि दिवसभर तेच कोमट पाणी वापरायचे. डब्यावर बारीक अक्षरात ‘कोमट’ असंच तर लिहिलं होतं. आठला केलेलं दूध अर्धं राहिलं, तर रात्री एकला तेच पाजायचे. चारशे ग्रॅमचा डबा चार-पाच दिवसांत संपतो, ओतून कसं द्यायचं? तिला नेमकं कशाने बाधलं हे कुणी सांगू शकणार नाही. पण यातल्या दोन गोष्टी धोक्याच्या होत्या आणि त्या मला फार उशिरा कळल्या.

पहिली: दुधाची पावडर निर्जंतुक नसते. सीलबंद डब्यातलीसुद्धा. क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू कोरड्या पावडरीत महिनोन् महिने तग धरू शकतो. त्याची लागण विरळाच होते, पण दोन महिन्यांच्या आतल्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ती जिवावर बेतू शकते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच सांगून ठेवलंय, की पावडरीवर पडणारं पाणी किमान ७० अंश सेल्सिअस हवं. म्हणजे पाणी उकळायचं ते पाण्यातले जंतू मारायला, आणि ते गरम असतानाच वापरायचं ते पावडरीतले मारायला. उकळून गार केलेल्या पाण्याने यातलं अर्धंच काम होतं.

दुसरी: तयार दूध फ्रिजबाहेर दोन तासांच्या वर ठेवायचं नाही. बाळाने तोंड लावून उरवलेलं दूध पुढच्या वेळेला द्यायचं नाही.

ही माहिती गुप्त नाही, अवघडही नाही. मग ती माझ्यापर्यंत का आली नाही?

उत्तर मी प्रामाणिकपणे शोधलं. वरच्या दुधाबद्दल बोलायला आरोग्याच्या क्षेत्रातले लोक बिचकतात, त्याला सबळ इतिहास आहे. पावडर कंपन्यांनी गरीब देशांत जो धंदा मांडला, त्यावर १९७४ मध्ये ‘द बेबी किलर’ ही पुस्तिका निघाली, १९७७ मध्ये नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला, १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय आचारसंहिता आली. आपल्याकडे १९९२ चा कायदा झाला. बाळाच्या पावडरीची आणि बाटलीची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत. या लढ्यात महाराष्ट्रातली माणसं पुढे होती. स्तनपानासाठी काम करणारी बीपीएनआय ही संस्था १९९१ मध्ये वर्ध्यात सुरू झाली. त्याआधी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी उभारली. या सगळ्यांबद्दल मला आदर आहे. अंगावर पाजता येत असेल तर पाजावंच. डब्याची गरज आहे की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवावं.

पण कायद्याने जाहिरातीला बंदी केली आहे, शिकवण्याला नाही. उलट त्याच कायद्याप्रमाणे दूध स्वच्छपणे कसं करायचं आणि भांडी, बाटली, बूच कसं साफ करायचं, हे डब्यावर छापावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) सहा महिन्यांच्या आतल्या साधारण ६४ टक्के बाळांना निव्वळ आईचं दूध मिळतं. उरलेल्या ३६ टक्क्यांच्या पोटात काहीतरी वेगळंही जातं. त्यांच्या आयांसाठी आपल्याकडे पोस्टर आहे, टोमणा आहे आणि गप्प बसणं आहे. या गप्प बसण्याचा फायदा घेतात स्टरिलायझर विकणारी रील्स. शिवथरला वादळात दोन-दोन दिवस वीज नसते, आणि मोबाइल मला विजेवरचं यंत्र घ्यायला सांगत होता.

यंत्र लागत नाही. पातेलं लागतं. आधी साबणाने आणि ब्रशने घासा, कारण चिकटलेल्या दुधासकट उकळून उपयोग नाही. मग सगळं पाण्यात पूर्ण बुडवा, बाटलीत हवा अडकू देऊ नका, झाकण ठेवून दहा मिनिटं खळखळा उकळा. लागेपर्यंत झाकण काढू नका. दुधासाठी एक लिटर पाणी वेगळं उकळा आणि अर्ध्या तासाच्या आत वापरा. आधी मोजून पाणी, मग डब्यातल्याच चमच्याने सपाट मापाची पावडर. पुरवायचं म्हणून पातळ करू नका. बाटली गार पाण्यात धरून निववा, मनगटावर थेंब टाकून बघा, मगच पाजा. प्रत्येक वेळी ताजं करा, रात्रीसुद्धा. आणि जमलं तर बाटली सोडून वाटी-चमचा घ्या. वाटीच्या तळापर्यंत बोट पोचतं. आजीच्या चांदीच्या बोंडल्याच्या तोटीत ते पोचत नाही.

बोंडलं देव्हाऱ्याशेजारी ठेवलेलं, म्हणून शुद्ध असं घरात सगळ्यांना वाटायचं. शुद्ध आणि निर्जंतुक यांची ही गल्लत आमच्या तालुक्याला नवी नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले, तेव्हा सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरींनी ते तळं ‘शुद्ध’ केलं. पाण्यात काय आहे यापेक्षा पाण्याला कुणी हात लावला, हे महत्त्वाचं ठरलं. आजही बाटलीत काय आहे यापेक्षा ती कुठल्या बाईच्या हातात आहे, यावरच आपण बोलतो.

आणि पाणी? मे महिन्यात आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी होतं. आठ वेळा दूध, आठ वेळा धुणं, दोनदा उकळणं. तेवढ्या हंड्यांचा आणि गॅसचा हिशेब केल्याशिवाय बाईला ‘स्वच्छता ठेवा’ म्हणणं हा फुकटचा उपदेश आहे.

माझी मागणी छोटी आहे. ज्या बाळाला वरचं दूध लिहून दिलं जातं, त्याच्या घरच्या कुणालातरी, बापालासुद्धा, दवाखान्यातून सोडण्याआधी एकदा स्वतःच्या हाताने ते करायला लावा. आशाताई पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात. त्यांनाही हे शिकवा आणि विचारायला सांगा.

मागच्या महिन्यात वाडीतली एक बाळंतीण चार्जर मागायला म्हणून आली. दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाली, “ताई, तू बाटली कशी उकळायचीस?” चुलीवर पातेलं ठेवून सगळं दाखवलं. तिने स्वतः करून पाहिलं. दहा मिनिटांचं काम. जाताना म्हणाली, “एवढंच व्हतं, तर दवाखान्यात का नाय सांगितलं?”