पुन्हा पहिल्यापासून...

आपल्या प्रत्येकाच्या कपाटात अशी एक तरी वही असते, जिची पहिली चार पानं मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेली असतात. पट्टीने मारलेला समास, हेडिंगला लाल पेन! पाचव्या पानावर खाडाखोड होते, सहाव्यावर अक्षर बिघडतं आणि सातव्यापासून वही कोरी. पुढच्या सेमला नवी वही.

माझ्या शेतीचंही हेच झालं. शेती म्हणजे लॅपटॉपवरची, 'स्टारड्यू व्हॅली'तली. एरिक बरोन या एकट्या माणसाने बनवलेला हा गेम २०१६ साली आला. शहरातली नोकरी सोडून तुम्ही आजोबांच्या पडीक शेतावर येता. हातात ५०० नाणी आणि बियांचं एक पाकीट. २८ दिवसांचा एक ऋतू, असे चार ऋतू म्हणजे वर्ष. पेरा, पाणी घाला, मासे धरा, गावात ओळखी वाढवा. आपल्या डबड्या लॅपटॉपवरही चालतो, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.

आता कबुली देतो. या गेममधला पहिला वसंत मी नऊ वेळा खेळलो, पण पहिला हिवाळा एकदाही पाहिला नाही. तेराव्या दिवशीच्या जत्रेत स्ट्रॉबेरीचं बी मिळतं. तेव्हा खिसा रिकामा निघाला, डिलीट. ऋतू बदलला की जुनी पिकं मरतात हे विसरलो, डिलीट. झाडं वाकड्या रांगेत लागली, तरी डिलीट!

नववं शेत मात्र माझ्या एकट्याचं नव्हतं. २०१८ पासून यात एका शेतावर अनेकांना खेळता येतं. शेत माझं, कोपऱ्यातली खोली रूम पार्टनरची. फाईल राहते ज्याचं शेत त्याच्या मशीनवर. दुसऱ्याला त्याच्याशिवाय ते उघडताही येत नाही. कोंबड्या पार्टनरनेच पाळल्या होत्या. शरद ऋतूपर्यंत आम्ही पोचलो आणि पार्टनरला वायडी लागला. सामान बांधून तो गावी गेला. पीएलमध्ये एका रात्री अभ्यास होईना म्हणून मी गेम उघडला. एकट्याला सगळं बघणं जिवावर आलं आणि सवयीने ते शेत उडवलं.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, मग म्हणाला, "अरे, आपल्या कोंबड्या कशा आहेत?"

मी म्हणालो, "मजेत."

मग हळूच म्हणाला, "इंजिनिअरिंग सोडावं म्हणतोय. सगळं पहिल्यापासून सुरू करतो." त्याला 'थांब' म्हणायला माझं तोंडच उरलं नव्हतं.

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. नवी सुरुवात वाईट असं मी म्हणत नाही. 'द सिम्स' बनवणाऱ्या विल राइटचं घर १९९१ साली अमेरिकेतल्या ओकलंडच्या वणव्यात जळालं. पुन्हा संसार उभा करताना, आपल्याला कोणकोणत्या वस्तू लागतात आणि का, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्यातूनच पुढे २०००चा तो गेम जन्मला. पण त्याने स्वतःच्या घराला काडी लावली नव्हती!

आपण मात्र लावतो. आणि दर वेळी तोच पहिला महिना घोटून घोटून पाठ करतो. पेरणीत आपण एक्सपर्ट होतो, पण बिघडलेलं शेत सावरायचं कसं हे कधी शिकतच नाही. शिवाय त्या जगात आणखी कोणाची तरी खोली असते. अभ्यासक्रमाचा पॅटर्न बदलतो तेव्हा जुन्या पॅटर्नच्या शेवटच्या केटीवाल्याला विचारा, 'नव्याने सुरुवात' म्हणजे काय ते!

'ॲनिमल क्रॉसिंग'च्या जुन्या गेममध्ये रेसेट्टी नावाची एक चिचुंद्री होती. सेव्ह न करता गेम बंद केलात, की पुढच्या वेळी जमिनीतून वर येऊन ती लांबलचक झाप द्यायची. २०२०च्या गेममध्ये सगळं आपोआप सेव्ह होतं, त्यामुळे तिचं ते कामच गेलं. माझ्या मते तिची खरी गरज डिलीटच्या बटणाजवळ आहे.

स्टारड्यूमधली मला सर्वांत आवडणारी गोष्ट मी फक्त वाचली आहे, कारण तिथवर पोचलोच नाही. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आजोबांचा आत्मा येतो, तुमचं काम तपासतो आणि त्यांच्या स्मारकावर मेणबत्त्या पेटतात. जास्तीत जास्त चार. कमी पेटल्या तर स्मारकावर एक हिरा ठेवायचा, की आजोबा पुन्हा तपासतात. म्हणजे चक्क रिव्हॅल्युएशन! फक्त त्यासाठी शेत जागेवर असावं लागतं.

शेवटी मीच फोन करून पार्टनरला खरं सांगितलं. रेसेट्टी लाजेल इतक्या शिव्या खाल्ल्या. मग त्याला एवढंच म्हणालो, "सोडायचं तर सोड, पण कंटाळा आलाय म्हणून रात्री दोन वाजता ठरवू नकोस." त्याचं अजून ठरलेलं नाही. दहावं शेत मात्र आम्ही लावलंय. तो गावाहून, मी इथून, दर रविवारी. झाडं याही वेळी वाकडीच लागलीत. सध्या तिथे हिवाळा चालू आहे. शेतात पेरण्यासारखं जवळजवळ काही नाही, पण कोंबड्या मजेत आहेत. या वेळी खरंच!