आयडा लुपिनो : ‘घसरण’ या आळशी निष्कर्षाविरुद्ध

१/ आयडा लुपिनो यांच्याविषयी एक ठरावीक मांडणी वारंवार वाचायला मिळते : अभिनेत्री म्हणून उदय, दिग्दर्शिका म्हणून अल्पकाळ चमक आणि अखेर दूरचित्रवाणीकडे घसरण. मांडणी सुबक आहे. पण ती पुराव्यांवर टिकत नाही.

२/ जन्म १९१८, लंडन. घराणे पिढीजात रंगकर्मींचे. वडील स्टॅन्ली लुपिनो नामांकित विनोदी नट. १९३३ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्या हॉलिवूडला आल्या; १९४८ मध्ये अमेरिकी नागरिक झाल्या. वॉर्नर ब्रदर्समध्ये न पटणाऱ्या भूमिका नाकारल्या की निलंबन होई. तो सक्तीचा रिकामा वेळ त्यांनी दिग्दर्शकांचे काम न्याहाळण्यात सत्कारणी लावला.

३/ १९४९. ‘नॉट वॉन्टेड’, एका अविवाहित मातेची कथा. चित्रीकरण सुरू होताच दिग्दर्शक एल्मर क्लिफ्टन यांना हृदयविकाराचा झटका आला. सहलेखिका आणि सहनिर्माती असलेल्या लुपिनो यांनी सूत्रे हाती घेतली. श्रेयनामावलीत नाव मात्र क्लिफ्टन यांचेच राहिले. श्रेयनामावली हे एक साधन आहे. तिलाच अंतिम निकाल मानणारा अभ्यासक येथेच फसतो.

४/ पती कॉलिअर यंग यांच्यासह त्यांनी ‘द फिल्ममेकर्स’ ही छोटी निर्मितीसंस्था उभारली. ‘आउटरेज’ (१९५०) बलात्कारानंतर उद्ध्वस्त झालेल्या तरुणीविषयी आहे. तत्कालीन निर्मिती-संहितेमुळे तो शब्दसुद्धा पडद्यावर उच्चारता येत नव्हता. १९५३ मध्ये ‘द हिच-हायकर’ हा थरारपट आला. त्याच वर्षीच्या ‘द बिगॅमिस्ट’मध्ये दिग्दर्शनाबरोबर त्यांनी भूमिकाही केली.

५/ पुढे संस्थेने वितरणाचा भार स्वतःवर घेतला आणि ती बुडाली. त्यानंतरचा त्यांचा चित्रपट थेट १९६६ चा : ‘द ट्रबल विथ एंजल्स’. मधल्या तेरा वर्षांना ‘घसरण’ म्हणणाऱ्यांनी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे : त्या काळात हॉलिवूडचे मोठे स्टुडिओ किती स्त्रियांच्या हाती चित्रपट देत होते? डोरोथी आर्झनर १९४३ नंतर चित्रपट-दिग्दर्शनातून बाहेर पडल्या होत्या. दार बंद करणाऱ्याचा दोष दाराबाहेर उभ्या असलेल्या व्यक्तीच्या माथी का मारायचा?

६/ शिवाय दूरचित्रवाणीवर त्यांना मिळाले काय? वेस्टर्न, गुन्हेकथा, रहस्यकथा : ‘हॅव गन, विल ट्रॅव्हल’, ‘थ्रिलर’, ‘द फ्युजिटिव्ह’. मोजके दिवस, तुटपुंजा पैसा, नेमका आराखडा. स्वतःच्या संस्थेत कमावलेली हीच शिस्त येथे कामी आली. ‘द ट्वायलाइट झोन’च्या मूळ मालिकेत दिग्दर्शन करणारी एकमेव स्त्री त्याच, भाग ‘द मास्क्स’, १९६४.

७/ त्यांना देव्हाऱ्यात बसवण्याचेही कारण नाही. ‘आउटरेज’मधील नायिकेला सावरतो तो एक धर्मोपदेशक, आजच्या स्त्रीवादी वाचकाला हे खटकेल, आणि खटकावे. सेटवर त्या स्वतःला ‘मदर’ म्हणवून घेत. पुरुष तंत्रज्ञांकडून काम करवून घेण्यासाठी आज्ञेला मायेचे वेष्टन द्यावे लागत होते, यातून त्या व्यवस्थेचेच रूप उघडे पडते.

८/ १९९५ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘द हिच-हायकर’ची १९९८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत निवड झाली. हा मान योग्यच. पण केवळ चित्रपटांचीच मोजदाद करणारा इतिहास त्यांचे अर्धे आयुष्य पुसून टाकतो. तेव्हा कोणाच्या चरित्रात ‘घसरण’ हा शब्द दिसला, तर आधी विचारा : उंची ठरवली कोणी, आणि शिडी कोणाच्या ताब्यात होती?