उरलेल्या मालाचं पान

गेल्या महिन्यात एका कॉलेजात बिझनेस प्लॅन स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. मला का बोलावलं म्हणाल, तर ऐनवेळी कुणीतरी गळालं आणि आयोजकांपैकी एकाला माझा नंबर माहीत होता. शनिवार होता, जेवण होतं, गेलो.

अकरा प्लॅन आले. त्यातले चार कपड्यांचे. हातमागाच्या कुर्त्या, कॉलेजच्या पोरांसाठी ओव्हरसाइझ टी-शर्ट, ऑफिसात जाणाऱ्या बायकांसाठी खिसेवाले ड्रेस (कल्पना झकास, खरंच), आणि लहान मुलांचे सणाचे कपडे. चारही प्रेझेंटेशनमध्ये तिसऱ्या स्लाइडवर तेच वाक्य. भारतातला कपड्यांचा बाजार इतका इतका प्रचंड आहे, त्यातला फक्त एक टक्का मिळाला तरी... पुढचं तुम्हाला माहीतच आहे. माझ्या शेजारच्या दोन्ही परीक्षकांनी माना डोलावल्या. रंगसंगतीचं कौतुक झालं, लोगोचं झालं, 'पॅशन'चं तर फारच झालं. मग मी विचारलं, "दिवाळीनंतर किती कपडे उरतील?"

शांतता. मग त्यातली एक मुलगी म्हणाली, "सर, उरणार नाहीत. आम्ही डिमांड स्टडी केलाय."

मी त्या टीमला सगळ्यात कमी मार्क दिले. बाकीच्या दोघांनी सगळ्यात जास्त. सरासरी निघाली, टीम पहिली आली, आणि चहाच्या वेळी मला सांगण्यात आलं की पोरांचा उत्साह असा मारू नये. तेव्हा मी गप्प बसलो. आज बसणार नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. नव्या कपड्यांच्या ब्रँडचा प्लॅन हातात आल्यावर जो माणूस आधी नफ्याचं पान उघडतो, त्याला परीक्षक म्हणून बसवू नये. त्याला पैसे गुंतवू देऊ नयेत, आणि घरातला असेल तर सल्लाही देऊ देऊ नये. आधी उघडायचं ते उरलेल्या मालाचं पान. ते पान प्लॅनमध्ये नसेल, तर तो प्लॅन नाहीच. ती लग्नाची पत्रिका आहे!

हे मी एवढ्या तावातावाने सांगतोय कारण हा गुन्हा मी स्वतः केलेला आहे.

२०२२ मध्ये माझ्या मावसबहिणीने कुर्त्यांचा ब्रँड काढायचं ठरवलं. तिचा हात चांगला, नजर चांगली, कापडातलं कळतं. मला म्हणाली, "दादा, तू आकडे तेवढे बसवून दे." दादाने एका रविवारी दुपारी एक्सेल उघडलं. आठ डिझाइन, तीन रंग, पाच साइझ. म्हणजे १२० प्रकार. प्रत्येकी दहा नग, एकूण १,२००. एक कुर्ती तयार व्हायला ४५० रुपये, विकायची १,२९९ ला. नगामागे ८४९ सुटले. गुणिले १,२०० म्हणजे १० लाख १८ हजार ८००. शीट छान दिसत होती. मी नफ्याचा रकाना हिरवासुद्धा केला होता.

त्या हिरव्या रकान्यावर मावशीचं सोनं बँकेत गेलं. सहा लाख रुपये. ५ लाख ४० हजारांचा माल आणि उरलेल्या ६० हजारांत फोटो, लेबलं, पिशव्या, प्रदर्शनातला एक स्टॉल.

आता खरा हिशोब. आकडे तिच्या वहीतलेच आहेत, थोडे गोल केलेत. जीएसटी तिच्या वेळी हजाराच्या वरच्या कपड्यावर १२ टक्के होता. सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंत ५ टक्के झालाय. आपण तिच्यावर मेहेरबानी करू आणि आजचा कमी दर धरू. म्हणजे १,२९९ मधले १,२३७ हातात. आता शंभर पार्सलं घरातून बाहेर पडली असं समजा. एक ऑर्डर यावी म्हणून जाहिरातीला सरासरी २५० रुपये, म्हणजे २५ हजार. जायचं कुरियर आणि पॅकिंग शंभर रुपये, म्हणजे १० हजार. त्यातली पंचवीस परत आली. कुणाला खांद्यात घट्ट, कुणाला रंग 'फोटोतल्यासारखा नाही', कुणी दारच उघडलं नाही. परतीचं कुरियर ८० रुपये, म्हणजे २ हजार. राहिलेल्या पंचाहत्तरांवर पेमेंटवाल्यांचे दोन टक्के, साधारण १,९५० रुपये. पंचाहत्तर कुर्त्यांचे आले ९२,७७५. त्यातून हा सगळा खर्च आणि त्या कुर्त्यांची किंमत वजा केली की उरतात २०,०७५ रुपये. नगामागे २६८. आठशे एकोणपन्नास नव्हे, दोनशे अडुसष्ट!

हे झालं विकलेल्यांचं. पूर्ण किमतीला विकल्या गेल्या ७००. म्हणजे १ लाख ८७ हजार ६००. उरलेल्या ५०० तिने दीड वर्षात तीनशे-तीनशेला काढल्या, नगामागे दीडशेचा तोटा, म्हणजे ७५ हजार गेले. मग फोटो-लेबल-स्टॉलचे ६० हजार. मग बँकेचं वर्षाचं व्याज, तेही साधारण ६० हजार. शेवटी काय राहिलं? उणे ७,४००. यात तिचा स्वतःचा पगार शून्य धरलाय. खरंतर ७०० कुर्त्या विकणं ही काही लहान गोष्ट नाही हो! निम्म्याहून जास्त माल पूर्ण भावाने गेला. कुठल्याही नव्या माणसाने पाठ थोपटून घ्यावी अशी विक्री, आणि तरी सोनं सोडवायला मावशीच्या घरात एक एफडी मोडली.

आणि त्या उरलेल्या ५०० कुठल्या होत्या? बहुतेक एस आणि डबल एक्सएल, आणि मोहरीसारखा एक पिवळा रंग. कारण दादाने प्रत्येक साइझला दहा-दहा नग धरले होते. लूप लिहायला सोपा जातो ना! माणसं काही समान वाटणीने जन्माला येत नाहीत. एम आणि एल तीन आठवड्यांत संपले, आणि मग पेजवर येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या बाईला 'साइझ उपलब्ध नाही' दिसायला लागलं. जाहिरातीचे पैसे चालूच. लक्ष्मी रोडवरच्या कुठल्याही जुन्या दुकानदाराला हे झोपेत कळतं. तुटका सेट म्हणजे मेलेला माल. मला कळलं नाही, कारण माझ्या धंद्यात साइझ नसतात.

इथेच खरी गोम आहे. आजकाल प्लॅन तपासायला बसणारे बहुतेक जण माझ्यासारखे, सॉफ्टवेअरच्या जगातून आलेले किंवा त्याच्या गोष्टी वाचून मोठे झालेले. आमच्याकडे दुसरी कॉपी फुकट निघते. चूक झाली तर रात्रीत पॅच टाकतो. एखादं फीचर कुणी वापरलं नाही तर ते सर्व्हरवर पडून राहतं, भाडं मागत नाही. कुर्ती पडून राहते ती पलंगाखाली. तिला वास लागतो, घडीवर रंग उडतो, आणि पुढच्या वर्षी गळ्याची फॅशन बदललेली असते. तिला पॅच टाकता येत नाही. (म्हणजे टाकता येतो, पण मग ती कोण घेणार.)

बरं, हे फक्त नवशिक्यांचं दुखणं आहे असंही नाही. २०१८ च्या सुरुवातीला एच अँड एमकडे न विकलेला माल होता ४.३ अब्ज डॉलरचा. बर्बेरीने त्याच सुमाराला एका आर्थिक वर्षात २ कोटी ८६ लाख पौंडांचा माल नष्ट केल्याचं त्यांच्याच अहवालातून बाहेर आलं, बोंबाबोंब झाली, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी ही पद्धत बंद केल्याचं जाहीर केलं. ज्यांच्याकडे अंदाज बांधायला अख्खे विभाग आहेत त्यांच्याकडे माल उरतो. आणि तुमच्या तिसऱ्या सेमिस्टरच्या टीमकडे 'उरणार नाही'?

मग हुशार लोक काय करतात? ते बरोबर अंदाज बांधत बसत नाहीत. अंदाज चुकला तर कमी लागेल अशी तजवीज करतात. बेनेटनने स्वेटर आधी न रंगवलेल्या लोकरीत विणून ठेवले आणि कुठला रंग खपतोय हे दिसल्यावर ते रंगवले. आमच्या भाषेत 'लेट बाइंडिंग'. इथे तयार कपड्यात एवढं जमेल न जमेल, पण पांढरा ताका घेऊन ठेवणं आणि थोडं थोडं रंगवून-शिवून घेणं हे सोलापूर-इचलकरंजीच्या जवळ राहणाऱ्याला अशक्य नाही. नगामागे पन्नास रुपये जास्त पडतील. परीक्षक म्हणेल, 'मार्जिन कमी झालं.' होऊ दे की! ते पन्नास रुपये म्हणजे विम्याचा हप्ता आहे.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या अ‍ॅस्पेनला 'स्पोर्ट ओबरमायर' नावाची बर्फातल्या खेळांचे कपडे करणारी कंपनी आहे. तिच्यावर १९९४ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त एक लेख आला होता. तिथे समितीतले लोक एकत्र बसून कुठला जॅकेट किती खपेल हे एकमताने ठरवत. मग त्यांनी पद्धत बदलली. प्रत्येकाने आपला आकडा वेगळा लिहायचा. आणि गंमत दिसली. ज्या जॅकेटवर सगळ्यांचे आकडे जवळजवळ आले तिथे अंदाज बऱ्यापैकी खरा ठरत होता, आणि जिथे आकडे विखुरले तिथे तो सपशेल चुकत होता. मग सोपं झालं. एकमत असलेला माल आधी शिवायला टाका. मतभेद असलेला थांबवून ठेवा, दुकानदारांच्या ऑर्डरी येऊ द्या.

आता आमच्या स्पर्धेकडे बघा. दोघांनी सगळ्यात जास्त मार्क दिले, एकाने सगळ्यात कमी. ओबरमायरवाल्यांच्या हिशोबाने हीच सगळ्यात मोलाची माहिती होती. आम्ही काय केलं? सरासरी काढली आणि ती माहिती कचऱ्यात टाकली.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, 'असं प्रत्येकाला घाबरवलंत तर झारा कधी निर्माण झाली असती?' बरं, झाराचंच बोलू. अमान्सिओ ऑर्तेगा पोरवयात शर्टांच्या दुकानात नोकरीला लागले. १९६३ मध्ये घरात घालायचे गाऊन शिवायचा धंदा सुरू केला. झाराचं पहिलं दुकान स्पेनमधल्या ला कोरुन्याला उघडलं १९७५ मध्ये. मधली बारा वर्षं मोजा. आणि त्या कंपनीचं पुढचं नाव झालं तेच मुळी थोडा माल काढायचा, काय जातंय ते बघायचं, आणि चालेल तोच पुन्हा शिवायचा यावर. म्हणजे झारा हे माझ्या बाजूचं उदाहरण आहे, तुमच्या नाही.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे. 'अहो, स्पर्धेत कुठे खरे पैसे असतात? पोरं शिकतायत.' तोच तर प्रश्न आहे. ती काय शिकतायत? बक्षीस घेऊन ती मुलगी घरी जाणार, आईबाबांना ट्रॉफी दाखवणार, आणि पुढच्या वर्षी कुणाच्या तरी बांगड्या बँकेत जाणार. उत्साह मारू नये म्हणणारा परीक्षक तेव्हा कुठे असेल? मी कुठे होतो माहितीये? ऑफिसात, एसीत, महिन्याच्या महिन्याला पगार घेत.

म्हणून पुढच्या वेळी कुणी प्लॅन पुढे केला तर मी हे पाच प्रश्न विचारणार आहे. तुम्हीही विचारा.

१. निम्माच माल खपला तर घरात काय विकावं लागेल?
२. साइझनिहाय नग किती, आणि ते आकडे कुठून आणले? खऱ्या माणसांची मापं घेतलीत की लूप फिरवलात?
३. परत आलेल्या पार्सलाचा खर्च कुठल्या रकान्यात आहे?
४. कापडाचे पैसे कधी द्यायचे आणि गिऱ्हाइकाचे कधी येणार? मधले महिने कुणाच्या पैशावर?
५. पहिल्या फेरीत कमीत कमी किती नगांत भागेल? (उत्तर १,२०० आलं तर परत पाठवा.)

यातलं एकही उत्तर 'पॅशन' असू शकत नाही.

माझी आजी शिवणकाम करायची. परकर-पोलक्याच्या शिवणीत आत दोन बोटं कापड जास्तीचं सोडायची. त्याला माया म्हणतात, तुम्हाला माहीत असेल. पोर वाढलं की शिवण उसवायची आणि पोलकं मोठं करायचं. कपड्यात माया ठेवायला चुकायची नाही ती बाई. तिच्या नातवाने नातीला प्लॅन करून दिला, आणि त्यात बोटभरही माया ठेवली नाही.

बहीण आता शाळांचे गणवेश शिवून देते. आधी मुलांची मापं, मग आगाऊ रक्कम, मग कापड. फार सुटत नाही म्हणते, पण उरतही नाही. मला तिने परत कधी आकडे बसवून मागितले नाहीत. कधी त्याबद्दल बोललीही नाही. मागच्या दिवाळीला मात्र माझ्या बायकोला एक कुर्ती दिली. पिवळी, डबल एक्सएल. "वहिनी, आत घेऊन घाल," म्हणाली.

असो. त्या कॉलेजातून पुढच्या वर्षी बोलावणं येईल असं वाटत नाही.