वारली हा आधी शेतकरी आहे



ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या नव्या इमारतींत हिंडून पाहा. दिवाणखान्याच्या भिंतीवर, चादरीवर, चहाच्या कपावर गेरूच्या रंगात पांढऱ्या रेघांची वारली चित्रे दिसतील. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, याचा आनंदच आहे. पण हे चित्र ज्याच्या कुडाच्या भिंतीवरून आले, तो माणूस पोटासाठी काय करतो, असे त्या दिवाणखान्यात विचारा. उत्तर येईल, 'आदिवासी ना? जंगलात राहतात.'

वारली शेती करतो. भात, नाचणी, वरी, उडीद. उन्हाळ्यात फांद्या, पाला, गवत, शेण जमिनीच्या तुकड्यावर पसरायचे, पेटवायचे आणि पावसाच्या तोंडाशी त्या भाजलेल्या मातीत रोपांसाठी बी टाकायचे. याला राब म्हणतात. मी कृषीची पदवी घेत होतो तेव्हा पुस्तकात राबाला दोन ओळी होत्या, त्याही नाक मुरडून लिहिलेल्या. तणाचे बी जळते, राखेतून पालाश मिळतो, रोप जोमाने उठते. कोकणातल्या धो-धो पावसात तण आवरायला याहून स्वस्त उपाय कोणता? इंग्रजांनी जंगल सरकारी केले, राबासाठी फांदी तोडायलाही आडकाठी आली आणि ओरड इतकी झाली की १८८५ साली मुंबई सरकारला ठाणे-कुलाबा भागासाठी वन आयोग नेमावा लागला. म्हणजे हा वाद जंगलाचा जितका, तितकाच शेतीचा.

त्यांची धान्याची देवी कणसरी. नावातच कणीस आहे. खळ्यावर ज्वारीच्या राशीला हात जोडल्याशिवाय माप न लावणाऱ्या तुम्हाला याहून जास्त सांगायला नको.

आता त्या चित्राकडे या. ते मुळात लग्नाचे चित्र. लग्नघरात सवासिणी तांदळाच्या पिठाने चौक काढतात, मधोमध पालघट देवी. धवलेरी लग्न लावते, गाणी म्हणते. शोभेची वस्तू म्हणून नव्हे, त्या चौकाशिवाय लग्न लागत नाही म्हणून. आणि याच लग्नाच्या पोटात वारल्याची गुलामी होती. लग्नासाठी जमीनदार-सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचे. नवरा राबायचा, पुष्कळदा बायकोही. हिशेब सावकाराच्या वहीत, आणि वारल्याला अक्षर येत नाही. कर्ज फिटणार कधी? अशा माणसाला लग्नगडी म्हणत. पावसाळ्यात खाण्यापुरते धान्य उसने घेतले की सुगीला दीडपट द्यायचे. सायमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९३९ च्या आपल्या अहवालात हे सगळे सरकारला लिहून दिले. अहवाल छापला गेला, लग्नगडी राबत राहिला.

आपल्याकडे लग्नगडी हा शब्द नाही. पण मुलीच्या लग्नासाठी सावकाराकडे गेलेला आणि कृषी केंद्रावरून उधारीत बियाणे, खत उचलल्यामुळे कापूस त्याच दारात घालणारा शेतकरी या बैठकीला बसलेला असेल. फरक आहेच. आपल्या पाठीवर कोणी चाबूक ओढत नाही. मात्र माल निघायच्या आधीच तो दुसऱ्याचा झालेला असतो, हे दोन्हीकडे सारखे.

टिटवाळ्याला लोक गणपतीला जातात. आज ते कल्याण-डोंबिवली महापालिकेत आहे. तिथे जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची परिषद झाली आणि उंबरगाव तालुक्यातून थोडे वारली तिला आले. मे महिन्यात तलासरीजवळ झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ बंद म्हणाले. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होते. पुढची मागणी गवत कापणीच्या मजुरीची : ५०० पौंडांना अडीच रुपये. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पाच जण मेले. लग्नगडी सुटला. जमीन मात्र सुटली नाही. कुळकायदा झाला, आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा १९७४ चा कायदा झाला, २००६ चा वनहक्क कायदा झाला. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा शहापूर, भिवंडी, ठाणे करत मुंबईला गेला, तेव्हा त्यात वनजमीन कसणारे आदिवासी हजारोंनी होते, पाय रक्ताळलेले. त्या मोर्चाचा झेंडा आपला नव्हता. मागणी आपलीच होती : कसतो त्याचे नाव सातबाऱ्यावर.

अमेरिकेत नेब्रास्काच्या गवताळ मैदानात पॉनी नावाचे लोक राहत. मातीच्या गोल घरांची गावे, बायका मका, घेवडा, भोपळा पिकवत. वर्षातून दोनदा सारे गाव रानगव्यांच्या शिकारीला जाई. मक्याला ते आई म्हणत. करारांमागून करार करून सरकारने त्यांची जमीन घेतली आणि १८७० च्या दशकात त्यांना दूर दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात नेले. बरोबर नेलेला मका तिथल्या मातीत नीट येईना. घराघरांत जपलेले मूठभर दाणे २००३ नंतर नेब्रास्कात पाठवले, तिथल्या शेतकऱ्यांनी ते पेरले, आणि जुना मका पुन्हा कणसाला आला. बी जपले होते म्हणून. आपण बीटी २००२ साली दारात घेतले आणि घरचे गावरान कापसाचे बी किती जणांकडे उरले, ते हात वर करून सांगावे.

काही कार्यकर्ते म्हणतात, आदिवासींचा प्रश्न वेगळा, त्यांचे खाते वेगळे, त्यांच्या योजना वेगळ्या. सरकारला हेच हवे आहे. खाते वेगळे असले म्हणून सावकार वेगळा होत नाही. वनहक्काचा पट्टा वारसाने चालतो, पण विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. मग कर्जाला बँकेच्या दारात कोण उभे करणार? पुन्हा सावकार.

म्हणून येत्या जिल्हा बैठकीत मी ठराव ठेवणार आहे : वनपट्टाधारकाला जमीन गहाण न ठेवता पीककर्ज, सातबाऱ्यावर कसणाऱ्याचे नाव आणि नाचणी-वरीला गावाजवळ खरेदी केंद्र, या तीन गोष्टी आपल्या मागणीपत्रात घालाव्यात. कापूस-ज्वारीच्या मागण्यांच्या खाली नव्हे, त्यांच्याच बरोबरीने. ज्यांचा विरोध असेल त्यांनी बैठकीत उठून बोलावे, चहाच्या टपरीवर नको.