‘क्लास’ : एक शब्द, अनेक पायऱ्या

आठवीच्या मुलांना आम्ही एकदा सांगितले, की घरी-दारी कानावर पडणारा एखादा इंग्रजी शब्द निवडा आणि त्यावर मराठीत पाच वाक्ये लिहा. गागोदे बुद्रुकच्या परिसरातून आलेल्या एका मुलीने ‘क्लास’ हा शब्द घेतला. तिची वाक्ये अशी : क्लासमध्ये बाई आल्या. दादाने पेणला क्लास लावला. मामा क्लास वन अधिकारी आहेत. बाबा क्लास फोर आहेत. आईची भाकरी एकदम फर्स्ट क्लास असते.

आम्ही पाचपैकी पाच गुण दिले. परंतु तिसरे व चौथे वाक्य मनातून गेले नाही. मामा ‘अधिकारी’ आहेत, बाबा मात्र नुसते ‘क्लास फोर’. एकाच शब्दाने एकाला पद दिले आणि दुसऱ्याला केवळ आकडा. शासनाने ‘वर्ग १ ते ४’ ही भाषा सोडून ‘गट अ ते ड’ अशी नावे दिली, तरी लोकांच्या जिभेवरचा क्लास काही उतरला नाही.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस या शब्दाचे मूळ महत्त्वाचे वाटते. प्राचीन रोममध्ये राजा सर्व्हियस टुलियस याने नागरिकांची मालमत्तेनुसार वर्गवारी केली, अशी परंपरा आहे. ‘क्लासिस’ हा त्या वर्गाचा लॅटिन शब्द. सर्वांत वरच्या वर्गातला तो ‘क्लासिकस’, आणि त्यावरूनच पुढे श्रेष्ठ ग्रंथाला ‘क्लासिक’ म्हणू लागले. दि. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी आणि पाली या भाषांना, अन्य तीन भाषांसह, ‘क्लासिकल’ दर्जा दिला. आनंदाचीच गोष्ट! मात्र त्यासाठी आपण वापरतो तो ‘अभिजात’ हा शब्द पाहा. अभिजात म्हणजे उच्च कुळात जन्मलेला. इंग्रजी शब्दाच्या पोटात संपत्ती आहे, तर आपल्या शब्दाच्या पोटात जन्म. जन्माने कोणी श्रेष्ठ ठरत नाही, हा तथागतांचा उपदेश जिने जतन केला, त्या पालीलाही हेच विशेषण लागावे, हा विलक्षण योग म्हणावा लागेल.

या शब्दाने आपल्या समाजाचे नावही काही काळ ठरवले होते. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये मुंबईत ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ स्थापन केले. गोलमेज परिषदेतही बाबासाहेब याच ‘डिप्रेस्ड क्लासेस’चे प्रतिनिधी म्हणून गेले. पण क्लास आणि जात यांतील भेद त्यांनी १९१६ मध्येच, कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात उलगडला होता. जात म्हणजे दारे बंद करून घेतलेला वर्ग, असा त्याचा आशय होता. वर्गातून माणूस वर-खाली जाऊ शकतो. जातीतून बाहेर पडण्यास वाटच ठेवलेली नसते.

म्हणून त्यांनी दोन्ही लढे एकत्र लढविले, आणि त्याची साक्ष आपलाच जिल्हा देतो. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी जातीविरुद्ध उचलले गेले. १९३३ पासून चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतीविरुद्ध दीर्घ संप केला, आणि १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक कायदेमंडळात मांडले. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांसमोर त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. पुढे संविधानात ‘मागासवर्ग’ या अर्थाने हाच शब्द आला, तेव्हा तो हिणवण्याचा शब्द न राहता हक्क मागण्याचा आधार झाला. म्हणजे शब्द स्वतः दोषी नसतो. तो कोणाच्या हाती आहे आणि कशासाठी वापरला जातो, हे पाहावे लागते.

आज तो आपल्या हाती आहे. ‘आमचे अमुक विद्यार्थी क्लास वन झाले’ असे आपण अभिमानाने सांगतो. ज्यांच्या आजोबांना वर्गाबाहेर बसावे लागले, त्यांना हा अभिमान वाटणारच, आणि तो वाटावाच. परंतु त्या पायरीवरून खाली पाहण्याची सवय जडली, तर बाबासाहेबांनी ज्या श्रेणीबद्ध विषमतेवर आघात केला, तीच आपण नव्या नावाने उभारू. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या भाषणात त्यांनी सुशिक्षितांविषयी जी व्यथा बोलून दाखविली, ती आपल्यालाही उद्देशून होती, असे आम्ही मानतो.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. शाळेच्या फलकावर आपल्या नावापुढे वर्गाचा आकडा नको. आपण कोणते काम करतो, ते असावे. तेथे शिपाई, परिचारिका, शेतकरी आणि सफाई कामगार यांचीही नावे असावीत. आणि ज्यांना पुष्कळ मिळाले, त्यांनी महिन्यातून एका रविवारी वसतिगृहात येऊन मुलांचा विनामूल्य क्लास घ्यावा. या शब्दाच्या साऱ्या अर्थांत सर्वांना एका छताखाली शेजारी-शेजारी बसविणारा अर्थ तेवढा हाच आहे.

त्या मुलीच्या वहीत आम्ही त्या दिवशी केवळ गुण लिहिले. ‘बाबा कोणते काम करतात, तेही लिही,’ असे समासात लिहावयास हवे होते. ते राहून गेले, म्हणून येथे लिहीत आहोत.