‘आमता आमता’ आणि आपण

उत्तर देताना कोणी अडखळला की आपण पटकन म्हणतो, “काय त-त-प-प करतोस?” बंगाली माणूस यालाच ‘आमता आमता कॉरा’ म्हणतो. ‘शे आमता आमता कोरे बोललो’ म्हणजे तो चाचरत बोलला. ती बोलली असे सांगायचे तरी वाक्य हेच. बंगालीत तो आणि ती दोघांनाही ‘शे’च म्हणतात. काही लपवायचे असले, सरळ नाही म्हणवत नसले, की जीभ अशी घोटाळते.

पण बंगालीत आणखी एक म्हण आहे, ‘बुक फाटे तो मुख फोटे ना’. बुक म्हणजे छाती. छाती फुटायची वेळ येते, तरी तोंड उघडत नाही. फूल उमलते त्यालाही बंगालीत ‘फोटा’च म्हणतात. म्हणजे मनात सारे भरलेले आहे, फक्त ओठ उमलत नाहीत.

एकाला सांगायचे नसते, दुसऱ्याला सांगता येत नाही. वरून दोघेही सारखेच दिसतात. फीचे, निकालाचे विचारले आणि पोर चाचरले, माहेरची अडचण सांगताना सून थांबली, की आपण दरडावतो, “खरं बोल!” त्याने लपवणारा अधिकच लपवतो आणि सोसणाऱ्याचे तोंड कायमचे मिटते. म्हणून आमचे सांगणे एवढेच : घरात कोणी अडखळले तर हातातले काम घटकाभर बाजूला ठेवा. आवाज चढवू नका. जवळ बसा, वाक्य त्याचे त्यालाच पुरे करू द्या.