सबवूफर म्हणजे धडधड नव्हे!
या वीकेंडला साखऱ्याला घरी गेलो होतो. धाकट्याने स्टिरिओला सबवूफर जोडलाय. खोली दहा बाय दहा, वर पत्रे. भीमसेनांचा अभंग लावला तर पखवाजाआधी पत्रेच वाजायला लागले! बाबा गुपचूप उठून ओसरीवर जाऊन बसले. ते मनाला लागलं.

"दादा, बेस कसला भारी आहे ना?" अरे, हा बेस नाही, खोलीची घुमघुम आहे! साधं गणित बघा. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, खोली ३.०५ मीटर. म्हणजे ५६ हर्ट्झच्या आसपास खोली स्वतःच घुमते. लांबी-रुंदी सारखीच, त्यामुळे घोळ दुप्पट. त्यात डबा कोपऱ्यात आणि नॉब फुल्ल!

लोक वॅट मोजतात, खोली कोणीच मोजत नाही. मी डबा बाबांच्या खुर्चीवर ठेवला, खोलीभर रांगत ऐकलं आणि जिथे घुमणं कमी तिथे तो हलवला. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, आवाज निम्म्याखाली. खर्च शून्य रुपये.

धाकटा म्हणतो, "सबवूफर चालूच नाही वाटत!" तेच तर हवंय राजा. बंद करून बघ, मग कळेल.

असो. बाबा आत येऊन बसलेत.